टाका वाचता आला पाहिजे

साडीच्या पदराला क्रोशाची लेस करून द्याल का, असं विचारणारी गिऱ्हाइकं हल्ली वाढली आहेत. पूर्वी फॉल-पिको म्हणजे फॉल-पिको, फार तर पदराला गोंडे. गोंडे बांधायला काही शिकावं लागत नाही. आता बायका मोबाइल पुढे धरतात. त्यात एखाद्या कांजीवरमच्या पदराला रेशमी धाग्याची विणलेली कड असते, कमानींवर कमानी, मधूनमधून मणी, खाली झुपके. कर्नाटकात याला कुच्चू म्हणतात आणि तिकडे कितीतरी बायका घरी बसून हेच काम करतात. माझं दुकान नालासोपाऱ्यात. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, एक शिलाई मशीन, एक पिकोचं मशीन आणि दोरीवर टांगलेल्या साड्या. सकाळी लोकल पकडायला निघालेल्या बायका पिशवी टाकून जातात आणि संध्याकाळी परतताना उचलतात. हे क्रोशाचं काम दारात येऊ लागलं तेव्हा मला क्रोशाची सुई धरताही येत नव्हती.

शिकायचं कुणाकडून? आमच्या घरात विणकाम कुणाला येत नव्हतं. लोकरीची टोपडी आणि रुखवतातली तोरणं शेजारणीकडून मागवायची पद्धत. क्लास लावायचा तर दुपारी दुकान बंद ठेवावं लागणार, आणि फॉल लावायचं काम दुपारीच होतं. मग राहिला फोन. मशीनवर रीळ अडकवायची दांडी असते, तिला टेकवून फोन उभा करायचा, समोर खुर्ची ओढायची आणि गिऱ्हाईक आलं की बोटाने व्हिडिओ थांबवायचा. माझी सगळी शिकवणी अशी, थांबत थांबत झाली. ते एका परीने बरंच झालं. सलग बघितलेला व्हिडिओ फार पटकन समजल्यासारखा वाटतो.

व्हिडिओंचा तुटवडा नाही. हिंदीत तर इतके आहेत की निवडताना दमायला होतं, मराठीतही आता बरेच आहेत, आणि इंग्रजीतल्या बाया शांतपणे, चांगल्या उजेडात, फिकट रंगाची जाड लोकर घेऊन दाखवतात. भाषा कळली नाही तरी हात कळतो. वेग पाऊणपट करून ठेवायची सोय आहे, ती मी अजून वापरते. पण व्हिडिओची एक खोड आहे. कॅमेरा वरून असतो आणि सुई नेमकी जिथे शिरते ती जागा शिकवणारीच्याच अंगठ्याखाली झाकलेली असते. बाकी सगळं दिसतं. धाग्याचा वेढा, ओढून काढलेला फेरा, सगळं. सुई कशाखालून गेली तेवढं दिसत नाही, आणि क्रोशात महत्त्वाचं तेवढंच असतं. विणलेल्या ओळीकडे वरून पाहिलं की प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन धाग्यांचा एक कोन दिसतो. सुई त्या दोन्ही धाग्यांखालून घातली तर वीण सपाट येते. फक्त मागच्या धाग्याखालून घातली तर आडवे कंगोरे उठतात. दोन्ही बरोबरच. फक्त आपण काय करतोय ते आपल्याला माहीत पाहिजे.

कडांचंही तसंच. खांबांची, म्हणजे उंच टाक्यांची, ओळ उलटून पुढची सुरू करताना तीन साखळ्या घालतात, त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीतला पहिला खांब. ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या साखळीतही एक खांब घालायचा असतो. ती साखळी नजरेत येत नाही, कारण ती खांबासारखी दिसतच नाही. म्हणून नव्या माणसाचा चौकोन ओळीगणिक आकसत जाऊन त्रिकोण होतो. व्हिडिओत बाई म्हणते, असंच पुढे करत जा. पण ‘असंच’ म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

माझी अडचण आणखी वेगळी होती. फोनवर नवशिक्यांना जे शिकवतात ते असतं मफलर, पिशवी, टोपी, नाहीतर अस्वल. जाड लोकर, चार-पाच मिलिमीटरची सुई. मला करायची होती पदराची कड, एक मिलिमीटरच्या आसपासच्या पोलादी सुईने, हातातून निसटणाऱ्या रेशमी धाग्यावर. तरी लोकरीपासूनच सुरुवात केली आणि दुसऱ्या कुणालाही मी तेच सांगेन. भुलेश्वरला साडीच्या लेस आणायला जाते तिथूनच लुधियानाच्या लोकरीच्या गुंड्या आणल्या. जाड लोकरीत टाका दिसतो. काळा किंवा गडद निळा रंग घेऊ नये, त्यात टाक्याचं तोंड सापडत नाही. लोकरीवर हात बसला की सुती धागा, आणि सगळ्यात शेवटी रेशमी.

सुया घेताना एक घोळ होतो. पोलादी बारीक सुयांवर नंबर असतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. जाड सुयांचं उलट. त्यातून एका देशाचा नंबर दुसऱ्या देशाला लागू नाही. मिलिमीटरचा आकडा कोरलेली सुई घ्यावी आणि तोच आकडा वहीत लिहून ठेवावा. धागा धरण्याचंही असंच. एक व्हिडिओ सांगतो करंगळीला वेढा द्या, दुसरा सांगतो मधल्या बोटाला. कुणी सुई पेन्सिलीसारखी धरतं, कुणी सुरीसारखी. माझ्या मते कसंही धरावं, डाव्या हातातून धागा एकसारखा सुटला म्हणजे झालं. तो एकसारखा सुटणं मात्र कुठलाही व्हिडिओ देत नाही. मे महिन्यात आमच्याकडे घामाने धागा बोटाला चिकटतो आणि टाका आवळतो. हाताला पावडर लावून बसावं लागतं. पावसात उलटं. हवेतल्या ओलीने स्वस्तातल्या सुईला गंज धरतो आणि गंजाचा कण रेशमी धाग्याचे पदर उचकटतो. चांगली मुलामा दिलेली सुई घ्यावी, इथे काटकसर नको.

मग लिहिलेल्या नमुन्यांकडे वळले. इथे इंग्रजीने घोटाळा करून ठेवलाय. अमेरिकेतली बाई ज्याला सिंगल क्रोशे म्हणते त्याला इंग्लंडातली डबल म्हणते, आणि अमेरिकेचं डबल ते इंग्लंडचं ट्रेबल. नमुना कुठल्या देशाचा हे वर लिहिलेलं नसेल तर मुक्या खांबाच्या जागी खांब विणला जातो आणि सगळी लेस दुप्पट उंच होते. आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, जोडखांब असं सरळ प्रकरण आहे. जुन्या मासिकांतून नमुने छापून यायचे ते याच शब्दांत, आकडे आणि स्वल्पविराम. पण ती मासिकं आता रद्दीतही सापडत नाहीत.

मला वाट सापडली ती जपानी तक्त्यांत. इंटरनेटवर ते भरपूर आहेत आणि त्यांना वाचायला कुठलीच भाषा लागत नाही. लंबगोल म्हणजे साखळी. फुली म्हणजे मुका खांब. इंग्रजी टी म्हणजे अर्धा खांब, त्या टी-च्या दांड्यावर एक तिरकी रेघ मारली की खांब, दोन मारल्या की जोडखांब. लेस जशी दिसणार तशीच कागदावर काढलेली. कुठला खांब कशात रोवलाय ते उघड दिसतं, अंगठा आड येत नाही. तक्ता घेऊन बसलं की आपोआप मोजणं सुरू होतं. एका टाक्यात पाच खांब, दोन टाके सोडले, एक मुका, परत दोन सोडले. सहा टाक्यांचा एक पंखा. म्हणजे पायाच्या ओळीत सहाच्या पटीत टाके हवेत आणि वर एक. हे एकदा दिसलं की व्हिडिओ लागत नाही.

गोलाचं गणितही असंच एकदा कळलं की कायमचं. मुक्या खांबाने सपाट चकती करायची तर दर फेरीला सहा टाके वाढवायचे. खांबाने करायची तर बारा. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की झालर. बाळाच्या टोपीला आधी चकती आणि मग वाढ थांबवून वाटी, बस. अस्वलांची डोकी आणि पोटं याच हिशेबाने होतात. हजार व्हिडिओंत मिळून हे एक वाक्य आहे, पण सरळ उच्चारलेलं मी फार थोड्या ठिकाणी ऐकलं.

गास गावच्या एक मावशी माझ्याकडे फॉल लावायला साड्या आणतात. वसईतल्या ख्रिस्ती घरांत क्रोशा पिढ्यान्‌पिढ्या आहे. वेदीवरच्या पांढऱ्या कापडाची कड, कम्युनियनच्या फ्रॉकची लेस, पाहुण्यांपुढे ठेवायच्या ट्रेवरचे रुमाल. मावशी लग्नाआधी सिस्टरांकडे शिकल्या. एकदा त्या साडी न्यायला आल्या तेव्हा मशीनवर माझी अर्धवट कड पडलेली होती. त्यांनी ती उचलली, उलटी केली, आणि अंगठ्याचं नख एकेका पंख्यावरून फिरवत गेल्या, चष्मा न लावता. “बाय, इथं पाच आहेत, इथं सहा.” खरंच सहा होते. मी त्यांना जपानी तक्ता दाखवला. त्यांनी असलं काही पूर्वी पाहिलं नव्हतं, पण क्षणभर बघून बोट ठेवलं ते बरोबर पंख्याच्या मुळाशी.

पुढच्या खेपेला त्या बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आत कापडाच्या पट्टीवर टाचून ठेवलेले लेसचे तुकडे, प्रत्येक चार बोटं रुंद. हीच त्यांची वही. कुणाच्या लग्नात, कुणाच्या घरी नवी कड दिसली की डोळ्यांनी मोजायची, घरी येऊन तेवढाच तुकडा विणायचा आणि पट्टीला टाचायचा. कुणाला नमुना विचारायचा नाही, आणि विचारला तरी कुणी पटकन द्यायचंही नाही, असं त्या हसत म्हणाल्या. मला वाटतं शिकणं म्हणून जे काही आहे ते इथवर यायला हवं. समोरची लेस पाहून तिच्यात काय घातलंय ते उलगडता येणं. फोन तिथवर नेत नाही असं नाही, पण नेण्याची त्याला घाई नसते. पुढचा व्हिडिओ तयारच असतो.

फोनने मला काय दिलं तेही सांगायला हवं. रात्री अकरा वाजता प्रश्न पडला तर उत्तर मिळतं. ओळखदेख नसलेल्या बायका फोटोवर गोल काढून दाखवतात की इथे टाका सुटलाय. अशा ओळखींतून काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण चेन्नईचं. तिथल्या सुबश्री नटराजन यांनी फेसबुकवर क्रोशा करणाऱ्या बायका जमवल्या, मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या नावाने. त्यांनी पाठवलेले तुकडे जोडून जानेवारी 2016 मध्ये 11,148.5 चौरस मीटरची चादर पसरली गेली आणि तिची गिनेसमध्ये नोंद झाली. ती चादर एकाच मापाच्या तुकड्यांची होती म्हणूनच जोडता आली.

मात्र आता फोनवरच एक नवी गंमत सुरू झाली आहे. एक मुलगी, विरारहून अंधेरीला नोकरीला जाणारी, लग्नाच्या शालूसाठी फोटो घेऊन आली. पदराच्या कडेला क्रोशाचे गुलाब, त्यांतून लोंबणाऱ्या वेली, फारच देखणं. मी फोटो मोठा केला. गुलाबाच्या पाकळीवरच्या ओळी मध्यावर आल्या आणि तिथेच विरघळल्या. एका बाजूने तीन ओळी आत जातात, दुसऱ्या बाजूने चार बाहेर पडतात. वेल पानाला टेकते पण पानातून निघत नाही, तिला धरून ठेवणारा एकही टाका नाही. धागा कुठून आला आणि कुठे गेला याचा माग लागत नव्हता. क्रोशात एका वेळी सुईवर बहुधा एकच जिवंत फेरा असतो, सगळं काम एका धाग्याच्या वाटेने चालतं. वाट तुटली की ते विणकाम नाही. संगणकाने बनवलेलं चित्र होतं ते. अशा चित्रांसोबत विकत घ्यायचे नमुनेही इंटरनेटवर मिळतात, हे वर आणखी. तिला सांगितलं तर म्हणाली, “पण फोटोत आहे ना काकी.” मग तिला खऱ्या लेसचा तुकडा आणि फोटो शेजारी ठेवून एक पाकळी मोजायला लावली. मोजता मोजता ती थांबली. तिच्या शालूला मी शेवटी दोन ओळींची साधी कड आणि टोकांना तीन-तीन पाकळ्यांची फुलं केली.

फोटोपेक्षा अवघड प्रकरण पैशांचं. पदराची कड साधारण 45 इंच असते. बारीक धाग्यात इंचाला 12 मुके खांब धरले तर पायाच्या ओळीतच 540 टाके. ते कापडात सुई टोचून घालायचे असतात, एकाला सात-आठ सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या जवळ. त्यावर सहा टाक्यांचा एक याप्रमाणे 90 पंखे, एकाला एक मिनिट, दीड तास. तिसऱ्या ओळीत दर पंख्याच्या टोकाला एक मणी. मणी मी मागून लावत नाही, विणायला बसण्याआधी धाग्यात ओवून ठेवायचे आणि विणता विणता एकेक पुढे सरकवायचा. नव्वदऐवजी एकोणनव्वद ओवले तर शेवटच्या पंख्यापाशी धागा कापावा लागतो. ही तिसरी ओळ, धाग्यांची टोकं लपवणं, झुपके, हलकी इस्त्री धरून पाच तासांचं काम. गिऱ्हाईक म्हणतं तीनशे घ्या. म्हणजे तासाला साठ रुपये, त्यात धागा आणि मणी माझे. फॉल-पिकोचे मी 120 घेते आणि त्याला पाऊण तास लागतो.

“भुलेश्वरला मीटरवर मिळते की क्रोशाची लेस,” असंही म्हणतात. ती क्रोशाची नसते. क्रोशा करणारं मशीन आजवर बाजारात आलेलं नाही. जे मिळतं ते मशीनवर विणलेलं किंवा भरतकाम केलेलं, क्रोशासारखं दिसणारं. ओळखायचं तर शेवटचं टोक सोडून धागा ओढून पाहावा. क्रोशा एकेक फेरा करत उलट्या वाटेने उसवत जातो, मशीनची लेस तशी उसवत नाही. तेव्हा कुठल्याही मोठ्या दुकानात अस्सल क्रोशाचा कपडा स्वस्तात दिसला तर तो कुणीतरी हाताने विणलेलाच असतो, आणि स्वस्ताई त्या हातातूनच काढलेली असते.

ही गोष्ट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती जोगिणींनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. ती विकून घरं चालली. त्याच शतकात मिशनऱ्यांनी आंध्रात गोदावरीच्या काठी नरसापूरला लेस रुजवली, ती आजही तिथे विणली जाते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर 1982 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांनी दाखवलं ते असं की लेस परदेशी जाते, व्यापारी श्रीमंत होतो, आणि तासन्‌तास विणणारी बाई मात्र घरी बसून फावल्या वेळात काहीतरी करणारी गृहिणी समजली जाते, म्हणून तिला कामगाराची मजुरी द्यायचं कारण उरत नाही. हे मी वाचलं तेव्हा मला लगेच आमच्याकडच्या बायका आठवल्या. “तुम्ही काय, घरबसल्याच करता ना,” हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. बोलणाऱ्या बायका स्वतः गाडीला लटकून नोकरीला जाणाऱ्या असतात. त्यांचा रोष नाही, पण घरात बसून केलेल्या कामाचा तास त्यांनाही तास वाटत नाही.

भाव करणारीला मी आता नुसता आकडा सांगत नाही. मावशींची पट्टी पाहून मीही एक केली आहे. एका ओळीची कड, दोन ओळींची, तीन ओळींची मण्यांसह, प्रत्येकीखाली दर आणि लागणारे तास लिहिलेले. दाराशी खुंटीला टांगून ठेवली आहे. बायका हात लावून बघतात, बोटांनी पंखे मोजतात, आणि बऱ्याच जणी एका ओळीवर येतात. एका ओळीतही पदर छान दिसतो, वर सहाशेची साडी असेल तर तीन ओळी शोभतही नाहीत, हे मी स्वतःहून सांगते. तीन ओळींचं घेणाऱ्या थोड्या, पण त्या भाव करत नाहीत.

हल्ली दुपारी तुळींजची एक मुलगी शिकायला येते. कॉलेज संपलंय, नोकरी लागेपर्यंत हातात काही हवं म्हणते. फोनवर बघून तिने तीन अस्वलं आधीच केलेली आहेत आणि ती चांगली झाली आहेत, पण त्यातल्या एकाही अस्वलाचं डोकं किती फेऱ्यांचं आहे ते तिला सांगता येत नव्हतं. तिला सध्या मी नवं काही विणायला देत नाही. जुने तुकडे देते, उसवायला, आणि उसवताना प्रत्येक ओळीत काय होतं ते वहीत फुल्या आणि रेघांनी काढायला. तिला कंटाळा येतो. ऑर्डरींचं म्हणाल तर गणपतीच्या मी आता बंद केल्या आहेत. दिवाळीच्या घेते आहे, तीन ओळींचं काम असेल तर साडी महिनाभर आधी द्यावी लागेल.